आई-वडिलांची देखभाल कशी ठरवावी: घरची बैठक घेण्याची रीत

कोकणातल्या घरात म्हातारं माणूस अंथरुणाला लागलं की पुढे काय करायचं हे बहुतेक वेळा दवाखान्याच्या व्हरांड्यात ठरतं. हातात डिस्चार्जचा कागद, बाहेर गाडीवाला खोळंबलेला, आणि मुंबईहून रात्रीच्या गाडीने आलेल्या मुलाला परत कामावर हजर व्हायचं असतं. माझ्या वडिलांचं असंच ठरलं. पाय घसरून खुब्याचं हाड मोडलं होतं. मोठा भाऊ म्हणाला, "मी घेऊन जातो." आम्ही बाकीच्यांनी माना डोलावल्या. पाच मिनिटंसुद्धा लागली नाहीत. वडील आत खाटेवर होते, त्यांना कुणी विचारलं नाही. लिफ्ट नसलेल्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर ते चौदा महिने राहिले, आणि त्या चौदा महिन्यांत एकदाही खाली उतरले नाहीत. भावाने, वहिनीने काही कमी केलं नाही. पण आयुष्यभर खळ्यात, घरापुढच्या अंगणात, बसलेल्या माणसाला आपण कुठे नेतोय, याचा विचार आमच्यापैकी एकानेही केला नव्हता.

त्यानंतर ओळखीपाळखीच्या घरांत अशा निर्णयाच्या वेळी मध्यस्थ म्हणून मी बसत आले आहे. त्यातून जी रीत जमत गेली ती इथे सांगते. ती कुणालाही जमण्यासारखी आहे. फक्त बैठकीच्या आधीची तयारी टाळू नये, कारण निम्म्याहून जास्त काम तिथेच होतं.

तिकीट काढायच्या आधी दिवस ठरवा

आपल्याकडे सगळी भावंडं एका छपराखाली येतात ती गणपतीत, शिमग्यात आणि मे महिन्यात. बैठक तेव्हाच घ्यावी, पण सणाच्या गर्दीत कोंबू नये. आरत्या चालू आहेत, पाहुणे येताहेत, बायका चुलीपुढून हललेल्या नाहीत, अशा वेळी झालेली बोलणी अर्धवट राहतात आणि वाकडी होतात. विसर्जनाच्या किंवा पालखीच्या दुसऱ्या दिवशीची सकाळ चांगली. त्यासाठी परतीचं तिकीट एक दिवस पुढचं हवं. रेल्वेचं आरक्षण ६० दिवस आधी उघडतं आणि कोकण रेल्वेच्या सणाच्या गाड्या बघता बघता भरतात. म्हणून दिवस त्याच्याही आधी सगळ्यांना कळवा. "गावाला आल्यावर बघू" म्हटलं की ती बैठक होत नाही.

ज्याला येणं जमतच नाही त्याला फोनवर घ्या. मात्र आदल्या दिवशी घरात फिरून रेंज कुठे मिळते ते बघून ठेवा आणि बैठक तिथेच बसवा. मी एकदा न्हाणीघराच्या मागे, माडाच्या बुंध्याशी खुर्च्या टाकून बैठक घेतली आहे, कारण दुबईच्या मुलाचा आवाज तिथेच येत होता.

मध्यस्थ कोण असावा

ज्याला त्या घराच्या सातबाऱ्यात हिस्सा नाही आणि ज्याच्यावर देखभालीचं काम पडणार नाही, असा माणूस हवा. कोकणातल्या सामाईक सातबाऱ्यावर इतकी नावं असतात की या एका अटीनेच निम्मी भावकी गळते, आणि ते बरंच आहे. निवृत्त शिक्षक, निवृत्त परिचारिका, घराला वर्षानुवर्षं ओळखणारे डॉक्टर, आईची जुनी मैत्रीण, यांपैकी कुणीही चालेल. रुग्ण वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात असेल तर तिथे वैद्यकीय समाजसेवक असतात. घरच्यांना एकत्र बसवून बोलणं हे त्यांच्या कामातच येतं, त्यांना विचारायला संकोच करू नका. गावच्या पुढाऱ्याला बोलावू नये. तो निवाडा करायला बसतो, आणि इथे निवाडा नको असतो.

मध्यस्थाने मत द्यायचं नसतं. कोण बोललं नाही, कुणाचं बोलणं मध्येच तुटलं, बोलणं मूळ गोष्टीवरून कुठे घसरलं, यावर त्याचं लक्ष हवं. "तुम्हीच सांगा आता काय करायचं" असं म्हणून घरचे त्याच्याकडे बघतात. त्या वेळी त्याने प्रश्न पुन्हा घरच्यांकडेच सोपवावा.

बैठकीच्या आधी: एक वही आणि पाच-सहा फोन

देखभाल म्हणजे नेमकं काय, हे दूर राहणाऱ्यांना खरंच माहीत नसतं. त्यात त्यांची लबाडी असते असं नाही. ते चार दिवस येतात तेव्हा घर पाहुण्यांसाठी आवरलेलं असतं. म्हणून बैठकीआधी सात दिवस एक साधी वही ठेवायला सांगा. जो देखभाल करतो त्याने वेळ आणि काम एवढंच लिहायचं. शंभर पानी वही पुरते, अक्षर कसंही असो.

काय लिहावं हे सुचत नसेल तर डॉक्टर लोक वापरतात ती सहा कामं धरा: अंघोळ, कपडे घालणं, संडासला जाणं, खाटेवरून उठून बसणं, लघवी-संडासवरचा ताबा आणि जेवणं. अमेरिकेतल्या सिडनी कॅट्झ या डॉक्टरांनी १९६३ मध्ये ही यादी मांडली आणि ती आजही वापरात आहे. प्रत्येक कामापुढे लिहा: स्वतः करते, थोडा हात द्यावा लागतो, की सगळं दुसऱ्यानेच करावं लागतं. त्याखाली रात्रीची उठणी लिहा. ज्या माणसाला स्वतः कूस बदलता येत नाही त्याला साधारण दर दोन तासांनी वळवावं लागतं, नाहीतर पाठीला, माकडहाडाला जखमा होतात. कागदावर हे वाक्य लहान दिसतं. रात्री अकरा, एक, तीन आणि पाच असे आकडे वहीत सात दिवस ओळीने आले की त्याचा अर्थ लागतो.

त्याच आठवड्यात मध्यस्थाने प्रत्येकाला वेगळा फोन करावा. दोनच प्रश्न पुरे: "तुम्हाला कशाची काळजी वाटते?" आणि "तुमच्याकडून काय होईल, काय होणार नाही?" दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर लोक एकट्याने बोलताना खरं देतात. वसईच्या भावाच्या नोकरीचं काही खरं नाही, कणकवलीच्या बहिणीच्या सासूला आधीच विस्मरण होतंय, हे चारचौघांत निघत नाही आणि मग "हिला काय झालंय यायला" असं होतं. फोनवर जे कळलं ते बैठकीत मध्यस्थाने सांगायचं नाही. ज्याचं त्यालाच सांगावंसं वाटेल, एवढी जागा करून द्यायची.

डॉक्टरांनाही आधीच भेटा आणि उत्तरं लिहून आणा. दुखणं कोणतं, सहा महिन्यांनी परिस्थिती कशी असेल, कोणती लक्षणं दिसली की दवाखाना गाठायचा, आणि कोणत्या उपचाराने आता फरक पडणार नाही. शेवटचा प्रश्न विचारायला जीभ रेटत नाही. तरी विचारा.

जिची देखभाल करायची तिला सगळ्यांच्या आधी विचारा

हे बैठकीच्या आदल्या दिवशी, शांतपणे, एकटीला गाठून करावं. विस्मरण असलेलं माणूस बहुधा सकाळी जास्त सावध असतं, दिवेलागणीला गोंधळतं, तेव्हा सकाळ धरा. चष्मा, कानाचं यंत्र लावा. एका वेळी एकच प्रश्न, आणि उत्तरासाठी थांबा. पक्षाघातानंतर शब्द सापडायला वेळ लागतो. घरचे मध्येच वाक्य पुरं करून टाकतात, ते करू देऊ नका.

"तुम्हाला मुंबईला जायचं आहे का?" हा प्रश्न पहिला नको. "दिवसातली कुठची वेळ बरी जाते? कशाचा त्रास होतो? कशाची भीती वाटते?" इथून सुरुवात करा. मालवण-कुडाळ रस्त्यावरच्या एका घरात आजींची उजवी बाजू गेली होती. मुलांचा वाद चालला होता डोंबिवली की गाव, दिवसाची बाई की रात्रीची. आजी बराच वेळ छताच्या वाशांकडे बघत राहिल्या. मग एकेक शब्द गोळा करत म्हणाल्या, "माजी खाट पडवेत घाला. येणारी-जाणारी माणसां दिसतत." त्यांना माजघरात ठेवलं होतं, थंडावा असतो म्हणून. तिथे खिडकी नव्हती. पडवीत त्यांना वाडीतल्या बायका, शाळेची पोरं, मासेवाली असं सगळं दिसलं असतं. चार मुलांच्या डोक्यात खर्चाचे, औषधांचे, माणसांचे सगळे हिशेब होते. खाट सहा पावलं पुढे सरकवायची हे कुणाच्याच डोक्यात नव्हतं.

बसवणं शक्य असेल तर आजारी माणसाला बैठकीत बसवाच, निदान पहिला अर्धा तास. ते शक्य नसेल तर त्यांचे शब्द जसेच्या तसे, त्यांच्याच बोलीत, बैठकीच्या सुरुवातीला वाचून दाखवा.

बैठकीचे दीड तास

चहा मुलांनी करावा. मी हे दर वेळी सांगते आणि दर वेळी लोक हसतात, पण मला ते मनापासून म्हणायचं असतं. जी सून रात्री चार वेळा उठते, तीच बैठकीच्या वेळी आत दूध तापवत असते, आणि ओटीवर तिच्या पुढच्या पाच वर्षांचा निर्णय होतो. २००७ च्या आई-वडील व ज्येष्ठ नागरिक निर्वाह कायद्यातल्या अपत्याच्या व्याख्येत मुलगा, मुलगी, नातू आणि नात आहेत. सुनेचा उल्लेख नाही. म्हणजे कायद्याने जिच्यावर ही जबाबदारी टाकलेली नाही, तीच बहुतेक घरांत ती निभावते. तिला ओटीवर, गोलात, खुर्चीवर बसवा. पोरांना शेजारी पाठवा. फोन बंद.

बसल्यावर मध्यस्थाने वेळ आणि विषय सांगावा: "साडेअकरापर्यंत बसू. पुढचे तीन महिने आईंची देखभाल कशी करायची एवढंच आज ठरवू." तीन महिने हा शब्द महत्त्वाचा आहे. कायमचं ठरवायचं म्हटलं की माणसं घाबरतात आणि हट्टाला पेटतात. तीन महिन्यांपुरतं असेल तर हातचं थोडं सोडायला तयार होतात.

सुरुवात आजारी माणसाच्या शब्दांनी. मग डॉक्टरांचं म्हणणं. त्याआधी प्रत्येकाला विचारा, "तुम्हाला या दुखण्याबद्दल काय कळलं आहे?" एकाच घरात एकाला वाटतं आई दोन महिन्यांत चालेल, दुसऱ्याला वाटतं ती आता जाणार. भांडणाचं मूळ पुष्कळदा इथे असतं.

मग वही. ती लिहिणाऱ्याने वाचू नये, तिच्यावर तक्रारीचा शिक्का बसतो. दूर राहणाऱ्यांपैकी कुणीतरी वाचावी. त्या आजींच्या घरी डोंबिवलीच्या थोरल्या भावाने वाचली. तो तोवर दोनदा म्हणाला होता, "आम्ही दर महिन्याला पैसे पाठवतो ना." मंगळवारच्या पानावर आला: रात्री साडेबारा, चादर बदलली. पावणेतीन, पाणी मागितलं, कूस बदलली. चार वाजता पुन्हा चादर. साडेपाचला मुलाचा डबा. त्याचा आवाज बारीक होत गेला आणि बुधवारचं पान त्याने मनातच वाचलं. मग धाकट्या वहिनीला मी विचारलं, तुला काय हवं? ती म्हणाली, "माका रातची झोप व्हयी. बाकी सगळा मी करतंय." तिने पैसे मागितले नाहीत, कुणाला बोल लावला नाही. पुढचा अर्धा तास मग कुणाचाच आवाज चढला नाही, कारण आता प्रश्न नेमका झाला होता: रात्र कोण सांभाळणार?

असा नेमका प्रश्न हाती आला की मध्यस्थाने उठून बाहेर जावं. ही गोष्ट न्यूझीलंडकडून घेण्यासारखी आहे. तिथे १९८९ च्या कायद्याने मुलांच्या संगोपनाचे निर्णय कुटुंबाच्या बैठकीत घ्यायची पद्धत आणली, तिथल्या मूळच्या माओरी समाजाच्या एकत्र बसून ठरवण्याच्या रीतीवरून. त्या बैठकीत माहिती देऊन झाली की अधिकारी आणि मध्यस्थ खोलीबाहेर पडतात आणि कुटुंब आपलं आपण बोलतं. मीही खळ्यात जाऊन वीस-पंचवीस मिनिटं बसते. परक्या माणसासमोर न निघणाऱ्या गोष्टी तेव्हा निघतात, आणि जे ठरतं ते घरच्यांना आपलं वाटतं.

आवाज चढला तर? थांबवा, पाणी द्या, आणि "तू कधी येतोस?" याच्या जागी "येत्या तीन महिन्यांत तुला कुठचे दिवस जमतील?" असं विचारायला लावा. जुनी उणीदुणी निघाली, लग्नातला मानपान, कुणाच्या शिक्षणाला किती घातले, तर वेगळ्या कागदावर लिहून ठेवा आणि तो कागद बाजूला ठेवा. लिहून घेतलं की माणूस बरंच शांत होतो, त्याचं ऐकलं गेलेलं असतं.

जमीन त्या दिवशी नाही

हा नियम बैठकीच्या आधीच सगळ्यांकडून कबूल करून घ्या. घर, बाग, कलमं यांचा विषय एकदा निघाला की आईची कूस कोण बदलणार हे मागे पडतं. "जो बघेल त्याला घर" असा तोंडी सौदा तर बिलकूल होऊ देऊ नका. आईला कधी स्वखुशीने कुणाला बक्षीसपत्र करून द्यायचं असेलच, तर सांभाळ करण्याची अट त्या पत्रात स्पष्ट लिहिलेली असावी. त्याच २००७ च्या कायद्याच्या कलम २३ प्रमाणे, अशी अट असून सांभाळ झाला नाही तर त्या कायद्याखाली नेमलेलं न्यायाधिकरण ते हस्तांतर रद्द ठरवू शकतं. हे वकिलाकडे, वेगळ्या दिवशी.

पैशांचं मात्र त्याच दिवशी बोलावं लागतं. सारखे वाटे करायचा अट्टहास नको. एक जण रात्री देतो, एक जण दर महिन्याला पैसे देतो, एक जण मे महिना पूर्ण येऊन राहतो. या सगळ्याची किंमत एकाच वहीत मांडा. ७० किंवा त्याहून जास्त वयाच्या कुणालाही, उत्पन्न कितीही असो, आयुष्मान भारत योजनेचं वय वंदना कार्ड मिळतं आणि त्यावर कुटुंबामागे वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंत रुग्णालयातले उपचार होतात. कार्ड काढलेलं नसेल तर ते कुणी काढायचं, हे बैठकीतच ठरवा. पण डायपर, रात्रीची बाई, पाण्याची गादी हा घरचा खर्च त्यातून निघत नाही, तो वेगळा धरा.

आई बोलती-सावध असेल तर आणखी एक विषय काढावा, हळुवारपणे. शेवटच्या आजारात व्हेंटिलेटर वगैरे हवं का, हे ती आधीच लिहून ठेवू शकते. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये याला मान्यता दिली आणि २०२३ मध्ये रीत सोपी केली. दोन साक्षीदारांसमोर सही करून नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याकडून तो कागद प्रमाणित करून घ्यायचा. पहिल्याच बैठकीत हे होणार नाही. तिने विषय टाळला तर सोडून द्या, ती कधीतरी आपणहून काढेल.

ही बैठक कुठे घेऊ नये

म्हाताऱ्या माणसाला मारहाण होत असेल, उपाशी ठेवत असतील, पेन्शन काढून घेत असतील, तर सगळ्यांना गोलात बसवू नका. ज्याची भीती वाटते त्याच्यासमोर ते माणूस खरं बोलणार नाही, आणि पाहुणे गेल्यावर त्याचे हाल वाढतील. ज्येष्ठांसाठी १४५६७ हा देशभरचा मोफत क्रमांक आहे, तिथे फोन करा. जिवावरचा प्रसंग असेल तर ११२. सांभाळण्याची ऐपत असून मुलं टाळत असतील तर न्यायाधिकरणाकडे अर्ज करता येतो, आणि कायद्याप्रमाणे महिना १०,००० रुपयांपर्यंत निर्वाह भत्ता मंजूर होऊ शकतो.

कागद एकच पानाचा

जे ठरलं ते उठायच्या आधी लिहा. प्रत्येक ओळीत माणूस, काम आणि तारीख. "सगळ्यांनी लक्ष द्यायचं" अशी ओळ खोडून टाका. त्या आजींच्या कागदावर होतं: थोरला, रात्रीच्या बाईचे पैसे, दर महिन्याच्या पाच तारखेला वहिनीच्या खात्यात. कणकवलीची ताई, दर दुसऱ्या रविवारी सकाळपासून संध्याकाळपर्यंत, वहिनीला सुट्टी. मधला भाऊ, औषधं आणि डॉक्टरांशी फोन. धाकटा, खाट पडवीत, उद्याच. रात्रीची बाई आली नाही तर त्या रात्री धाकटा उठणार, वहिनी नाही, हेही लिहिलं होतं. बाई न येण्याचे दिवस येतातच, तेव्हा ही ओळ विसरू नका. कागद आजींना वाचून दाखवला, त्यांनी डाव्या हाताचा अंगठा दिला. फोटो काढून सगळ्यांना पाठवला आणि मूळ कागद औषधांच्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवला.

त्याच कागदावर तळाशी पुढच्या बैठकीची तारीख घाला. पहिली सहा आठवड्यांनी, कारण ठरलेल्यातलं काय जमत नाही हे तोवर कळतं. नंतर तीन-तीन महिन्यांनी, आणि मध्ये दवाखान्यात राहून यावं लागलं किंवा देखभाल करणारं माणूसच आजारी पडलं तर लगेच. पुढच्या बैठका अर्ध्या तासात होतात.

त्या घरातली पहिली बैठक शिमग्यात झाली होती, म्हणून दुसरी मे महिन्यात, मृग लागायच्या आत ठेवली. ताईचे रविवार तीनदा चुकले होते, ते बदलून शनिवार केले. रात्रीची बाई टिकली होती. उरलेला सगळा वेळ गेला पडवीवर. पावसाची झड थेट खाटेवर येणार होती, आणि आजी माजघरात परत जायला तयार नव्हत्या. शेवटी मधल्या भावाने पश्चिमेच्या बाजूला माडाच्या झावळ्यांची झापं बांधायचं कबूल केलं, आणि आजींनी सांगितलं की रस्त्याकडची बाजू उघडी ठेवा.